रोझेलची मावशी



परदेश हा शब्द उच्चारला कीं आपल्या डोळ्यांपुढें समुद्र, आगबोट आणि अनोळखी भाषा बोलणारीं माणसें उभीं राहतात. आमच्या कळंबच्या जुन्या पिढीला मात्र परका मुलूख पाहण्यासाठीं समुद्र ओलांडावा लागत नसे. मांजरा नदीच्या परिसरांतील हें गांव १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यांत होतें, आणि पश्चिमेकडची बार्शी १९४७ पर्यंत इंग्रजी अमलाखालीं होती. इकडे हाली शिक्का चाले, तिकडे कलदार रुपया. इकडे दरबारची भाषा उर्दू, तिकडे कचेरींत इंग्रजी व मराठी. मालाची ने-आण करावयाची म्हणजे वाटेंत करोडगिरीचें नाकें लागे. बार्शी लाइट रेल्वेची अरुंद रुळांची गाडी १९११ पासून लातूरपर्यंत जाऊं लागली, आणि त्याच मार्गावर ‘कळंब रोड’ हें स्टेशनही आहे. ती गाडी ह्या दोन मुलखांची सीमा रोज ओलांडी. दोन्ही बाजूंस बोली तीच, यात्रा त्याच, सोयरिकीही एकमेकांत. तरी राज्य निराळें म्हणून मुलूख परका!

मग माणसाचें परकेपण ठरतें तरी कशानें? राज्यानें, धर्मानें, मधल्या समुद्रानें, कीं समोरच्या माणसाच्या वागणुकीनें? हा प्रश्न घेऊन मी आज आपणांस सीमेच्या नाक्यापासून फार दूर, अमेरिकेंतील न्यू जर्सी संस्थानांतल्या रोझेल नांवाच्या लहानशा गांवीं नेणार आहें. कारण ह्या प्रश्नाचें जितकें निःसंदिग्ध उत्तर तेथल्या एका गृहिणीनें एका मराठी मुलीला दिलें, तितकें मला अन्यत्र सहसा आढळलें नाहीं.

ती मुलगी म्हणजे डॉक्टर आनंदीबाई जोशी. त्यांची कथा महाराष्ट्राला परिचित आहे. ३१ मार्च १८६५ रोजीं जन्म. कल्याणच्या जोशी घराण्यांतील ही यमुना नवव्या वर्षीं गोपाळराव जोशी ह्या पोस्टखात्यांतील बिजवरास दिली गेली आणि आनंदी झाली. चौदाव्या वर्षीं तिला मूल झालें, तें दहाच दिवस जगलें. त्या दुःखांतून तिचा वैद्यक शिकण्याचा निश्चय उगवला. पुढें अमेरिका, पदवी, परत येणें आणि अकाली मृत्यु. ही कथा आपण बहुधा आनंदीबाईंच्या धैर्याची किंवा गोपाळरावांच्या हट्टाची म्हणून ऐकतों, आणि तें योग्यच आहे. आज मात्र तीच कथा आपण पलीकडच्या दारांतून, म्हणजे ज्यांनीं दार उघडलें त्यांच्या बाजूनें पाहूं.

ह्या कथेचा आरंभ एका नकारांत आहे. गोपाळरावांची नेमणूक कोल्हापुरास असतांना त्यांनीं आपल्या पत्नीला अमेरिकेंत शिक्षण मिळावें आणि स्वतःलाही तेथें कांहीं काम मिळावें, अशा आशयाची विनंती मिशनऱ्यांमार्फत केली. ती विनंती प्रिन्स्टन येथें रॉयल वाइल्डर ह्यांच्या हातीं पोंचली. वाइल्डर हे कोल्हापूरच्या अमेरिकन मिशनचे संस्थापक. स्वदेशीं परतल्यावर ते ‘मिशनरी रिव्ह्यू’ हें नियतकालिक चालवीत. त्यांचें उत्तर सरळ होतें : पतिपत्नी ख्रिस्ती होणार असतील तर साहाय्याचा विचार करतां येईल. गोपाळरावांस ही अट मान्य नव्हती. वाइल्डरांनीं तो पत्रव्यवहार आपल्या मासिकांत छापला, आणि व्यवहार तेवढ्यावरच संपावयाचा होता.

तो संपला नाहीं, ह्याचें कारण एक दुखरा दांत! १८८० सालीं रोझेलच्या श्रीमती थिओडोशिया कार्पेंटर दंतवैद्याकडे गेल्या होत्या. आपली पाळी येईपर्यंत वेळ घालवावा म्हणून त्यांनीं तेथें पडलेलें एक मासिक चाळावयास घेतलें. तेंच ‘मिशनरी रिव्ह्यू’. एका दूरच्या देशांतील पति आपल्या कोंवळ्या वयाच्या पत्नीला शिकविण्यासाठीं धडपडत आहे आणि त्याला अटीचें उत्तर मिळालें आहे, हें त्या बाईंनीं वाचलें. दंतवैद्याच्या बैठकींत वाचलेला मजकूर घरीं पोंचेपर्यंत विसरून जावा, हा जगाचा सामान्य नियम आहे. कार्पेंटरबाईंनीं तो मोडला. त्या घरीं गेल्या आणि त्यांनीं पत्र लिहिलें.

येथें क्षणभर थांबावेंसें वाटतें. कार्पेंटरबाई कोणत्याही संस्थेच्या चालक नव्हत्या. हिंदुस्थान त्यांनीं पाहिला नव्हता. ज्या मुलीस त्या पत्र लिहीत होत्या तिची भाषा, तिचा धर्म, तिचें घर ह्यांपैकीं कशाचाही त्यांना अनुभव नव्हता. आपल्या पत्राला उत्तर येईल कीं नाहीं हेंही त्यांस ठाऊक नव्हतें. आणि त्या पत्रांत अट नव्हती. जो विषय एका धर्मोपदेशकापाशीं अडून राहिला होता, तो एका गृहिणीच्या लेखणीनें सहज मोकळा झाला. वाइल्डरांविषयीं न्यायानें हेंही म्हटलें पाहिजे कीं, त्यांनीं तें पत्र छापलें नसतें तर कार्पेंटरबाईंस तें दिसलेंच नसतें. एकाच्या नकाराच्या कागदावरून दुसरीचा होकार निघाला!

मग टपालाच्या बोटींबरोबर पत्रें जाऊं येऊं लागलीं. गोपाळरावांच्या बदल्या होत होत्या. जोशी कुटुंब पुढें बंगाल्यांत गेलें. त्या पत्रांतून रीतिरिवाज, सण, कुटुंबपद्धति, स्त्रियांची स्थिति ह्यांची प्रश्नोत्तरें होत. हळूहळू ह्या दोघींमध्यें एक नातें जुळलें आणि आनंदीबाईंनीं कार्पेंटरबाईंस ‘मावशी’ केलें. आपल्या भाषेंत मावशी ही आईच्या मायेची, परंतु आईइतका धाक नसलेली. मराठी मुलीला सासरच्या गर्दींत ज्या एका माणसापाशीं मन मोकळें करतां यावें असें वाटतें, तें बहुधा हेंच. कलकत्त्यास असतांना आनंदीबाईंची प्रकृति ढासळूं लागली. डोकेदुखी, ताप, अशक्तपणा ह्यांनीं त्या बेजार झाल्या. तेव्हां ह्या मावशीनें अमेरिकेहून औषधें धाडलीं. त्यांचा गुण आला नाहीं, ही गोष्ट वेगळी. परंतु ज्या मुलीचा चेहराही प्रत्यक्ष पाहिलेला नाहीं, तिच्या तापाची काळजी हजारों मैलांवर कोणी करीत होतें.

आतां ह्याच वेळीं तिच्या स्वतःच्या देशांत काय चाललें होतें तें पाहूं. २४ फेब्रुवारी १८८३ रोजीं श्रीरामपूर येथील कॉलेजच्या सभागृहांत आनंदीबाईंनीं इंग्रजींत एक भाषण केलें. आपण अमेरिकेस कां जातों, हा त्याचा विषय. त्यांत त्यांनीं मुंबई व कलकत्ता येथील अनुभव सांगितले. हातांत पुस्तकें घेऊन रस्त्यानें जाणारी स्त्री दिसली कीं लोक जमत, मागें लागत, हंसत; कोणी सज्जांतून अचकटविचकट बोलत, कोणी खडेही मारीत. हे लोक परके नव्हते. त्यांचा देश तोच आणि त्यांतील पुष्कळांचा धर्मही तोच. आपल्याच रस्त्यावर ती मुलगी परकी झाली होती! त्याच भाषणांत तिनें असेंही सांगितलें कीं, हिंदुस्थानास स्त्रीवैद्यांची अत्यंत गरज आहे, आणि आपण हिंदु म्हणून जाऊं व हिंदु म्हणूनच परत येऊं. अठरावें वर्ष पुरतें सरलेलें नसतांना केलेली ही प्रतिज्ञा आहे.

७ एप्रिल १८८३ रोजीं आनंदीबाई कलकत्त्याहून निघाल्या. पति बरोबर नव्हता. प्रवासखर्चासाठीं अंगावरचें सोनें विकावें लागलें होतें. जवळजवळ दोन महिन्यांच्या प्रवासानंतर, ४ जूनला त्या न्यूयॉर्कच्या बंदरांत उतरल्या. धक्क्यावर कार्पेंटरबाई उभ्या होत्या. तीन वर्षें केवळ अक्षरांतून ओळखीच्या झालेल्या त्या दोघींनीं एकमेकींस प्रथम तेथें पाहिलें. ज्यांनीं परक्या शहरांत एकटें पाऊल टाकलें आहे त्यांस, गर्दींत आपल्यासाठीं आलेलें एकच माणूस दिसणें म्हणजे काय, हें सांगावें लागणार नाहीं.

रोझेलच्या त्या घरांत आनंदीबाईंनीं पहिला उन्हाळा काढला. त्या घराच्या पाहुणचाराचा विशेष असा कीं, त्यानें पाहुणीला बदलावयास लावलें नाहीं. त्या शाकाहारी राहिल्या. त्यांचें लुगडें, कुंकू, बांगड्या तशाच राहिल्या. पुढें थंडीच्या त्रासानें त्यांनीं नऊवारी सोडून गुजराती तऱ्हेनें साडी नेसावयास सुरुवात केली, तीही स्वतःच्या विचारानें आणि पतीला पत्रानें कळवून. पाहुण्याला आपल्या ताटांतलें वाढणें सोपें असतें. पाहुण्याला त्याचें ताट मांडूं देणें कठीण. पहिल्यांत यजमानाचें औदार्य दिसतें, दुसऱ्यांत पाहुण्याचा मान राहतो.

शरदऋतूंत त्या फिलाडेल्फियास गेल्या आणि पेनसिल्व्हेनियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयांत दाखल झाल्या. १८५० सालीं स्थापन झालेलें हें महाविद्यालय स्त्रियांना वैद्यक शिकविणाऱ्या जगांतील अगदीं पहिल्या संस्थांपैकीं एक. त्याच्या प्रमुख डॉ. रेचेल बॉडले ह्या रसायनशास्त्राच्या अध्यापिका होत्या. आनंदीबाईंनीं महाविद्यालयास आपला हेतु कळविला होता : पुरुष वैद्याकडून उपचार करून घेण्यापेक्षां मरण पत्करणाऱ्या माझ्या देशभगिनींस मला साहाय्य करावयाचें आहे. महाविद्यालयानें त्यांस प्रवेश दिला आणि शिष्यवृत्तीही दिली. आजारपणांत, थंडींत, एकटेपणांत डॉ. बॉडले ह्यांचा आधार होता आणि सुटींत रोझेलचें दार उघडें होतें.

ह्यावरून त्या काळची सगळी अमेरिका दयेचा सागर होती, असें मात्र कोणीं समजूं नये. आनंदीबाई पोंचण्याच्या आदल्याच वर्षीं, १८८२ च्या मे महिन्यांत, त्या देशानें चिनी मजुरांस आपल्या सीमा बंद करणारा कायदा केला होता. एकाच राष्ट्राच्या एका दारावर अडसर होता आणि दुसऱ्या दारांत एक बाई वाट पाहत उभी होती. राष्ट्रें दयाळू किंवा निर्दय नसतात. त्यांतील माणसें तशीं असतात.

आणि ह्या माणसांना ही माया कोठून सुचली? कार्पेंटरबाईंच्या मनाचा ठाव आपण घेऊं शकत नाहीं. पण महाविद्यालयाच्या इतिहासांत एक प्रसंग नोंदलेला आहे. १८६९ च्या नोव्हेंबरमध्यें ह्या महाविद्यालयाच्या विद्यार्थिनी फिलाडेल्फियाच्या मोठ्या रुग्णालयांत प्रात्यक्षिक व्याख्यानास गेल्या असतां पुरुष विद्यार्थ्यांनीं त्यांची हुर्यो उडविली, त्यांच्या अंगावर कागदाचे बोळे फेंकले आणि रस्त्यांतूनही त्यांचा पिच्छा पुरविला. मुंबईच्या सज्जांतून येणारे खडे आणि फिलाडेल्फियाच्या वर्गांतले बोळे ह्यांत मला फारसें अंतर दिसत नाहीं. डॉ. बॉडले आणि त्यांच्या सहकारिणी स्वतः आपल्या देशांत, आपल्याच व्यवसायांत परक्या ठरविल्या गेल्या होत्या. म्हणूनच दारांत आलेली परकी मुलगी त्यांस परकी वाटली नसावी. १८८५ च्या ऑक्टोबरमध्यें काढलेलें ह्या महाविद्यालयांतील एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्यांत साडी नेसलेल्या आनंदीबाई, किमोनो घातलेल्या जपानच्या केइ ओकामी आणि आपल्या देशाच्या पोषाखांतील सीरियाच्या सबात इस्लांबूली अशा तिघी शेजारीं शेजारीं आहेत. तिघी आपापल्या वेषांत आहेत. परक्याला जवळ करण्यासाठीं त्याला आपल्यासारखें करावें लागत नाहीं, ह्याचा तो चित्ररूप पुरावाच होय.

११ मार्च १८८६ रोजीं आनंदीबाईंस एम. डी. ही पदवी मिळाली. त्यांच्या प्रबंधाचा विषय हिंदूंचें प्रसूतिशास्त्र हा होता. म्हणजे परदेशीं जाऊन त्यांनीं जो ग्रंथ लिहिला तोही आपल्या घरच्या विद्येवर. गोपाळराव तोंवर अमेरिकेस पोंचले होते. ते मोठे फटकळ. अमेरिकेंतील व्याख्यानांत त्यांनीं यजमानांच्या समाजावर आणि धर्मावरही तिखट टीका केली. मावशीच्या घराचा जिव्हाळा मात्र तेवढ्यानें आटला नाहीं. ह्या समारंभास डॉ. बॉडले ह्यांच्या निमंत्रणावरून पंडिता रमाबाईही इंग्लंडहून आल्या होत्या. आनंदीबाईंशीं त्यांचें दूरचें नातें. एक इंग्लंडांत ख्रिस्ती झालेली, दुसरी अमेरिकेंत हिंदुच राहिलेली. दोघींचेंही स्वागत डॉ. बॉडले ह्यांनीं सारख्याच मायेनें केलें. वाइल्डरांची अट येथें आपोआप निकालांत निघाली.

पुढचा भाग सांगतांना जीभ जड होते. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयांतील स्त्रीविभागाच्या प्रमुख म्हणून नेमणूक स्वीकारून आनंदीबाई १८८६ च्या अखेरीस मुंबईस उतरल्या, त्या क्षयानें पोखरलेल्या अशाच. कोल्हापूरच्या जागेवर त्या रुजू होऊं शकल्या नाहींत. २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यास त्यांचा अंत झाला. बाविसावें वर्ष पुरें होण्यास महिनाभर अवधि होता. ज्या रुग्णसेवेसाठीं एवढा खटाटोप केला, ती त्यांच्या हातून घडावयाची राहूनच गेली.

मग त्या परक्या बाईची माया व्यर्थ गेली काय? हिशेबी मनुष्य तसें म्हणेलही. पण मृत्यूनंतरच्या दोन गोष्टी पाहा. गोपाळरावांनीं पत्नीच्या रक्षेचा अंश कार्पेंटरबाईंकडे पाठविला. मावशीनें तो न्यूयॉर्क संस्थानांतील पोकिप्सी येथील दफनभूमींत, कार्पेंटर घराण्याच्या जागेंत, आपल्याच माणसांशेजारीं ठेवला. तेथें आनंदीबाईंच्या नांवाची शिळा आहे. आपल्याकडे कोणाला कुळांतला मानतात ह्याची शेवटची कसोटी मृत्यूनंतरच लागते : कोणाला कोणत्या पंक्तींत बसविलें, कोणाचें पिंडदान कोणीं केलें. त्या कसोटीनें पाहिलें तर कल्याणची यमुना त्या अमेरिकन घराण्याची मुलगी ठरली, आणि त्यासाठीं तिला आपलें कांहींही सोडावें लागलें नाहीं.

दुसरी गोष्ट अशी. डॉ. बॉडले ह्यांनीं पंडिता रमाबाईंच्या उच्चवर्णीय हिंदु स्त्रीविषयींच्या इंग्रजी ग्रंथास प्रस्तावना लिहिली, तींत आनंदीबाईंची आठवण आहे. त्या ग्रंथामुळें अमेरिकेंत रमाबाईंच्या कार्याविषयीं आस्था उत्पन्न झाली, बोस्टनमध्यें त्यांच्या साहाय्यार्थ मंडळ स्थापन झालें, आणि ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईंत विधवांच्या शिक्षणासाठीं ‘शारदा सदन’ उघडलें. आनंदीबाईंच्या पदवीदानास त्या दिवशीं बरोबर तीन वर्षें झालीं होतीं. पुढें ह्याच सदनांतील मुलींच्या धर्मांतराच्या प्रश्नावरून महाराष्ट्रांत मोठा वाद माजला. तो वाद आपणांस पुन्हां त्याच मुद्द्यावर आणून सोडतो : दयेला अट असावी कीं नसावी? संस्था चालवितांना हा प्रश्न अवघड होतो, हें मान्य. पण रोझेलच्या घरांत, दोन माणसांच्या नात्यांत, त्याचें उत्तर आधींच देऊन झालेलें होतें.

आतां पुन्हां आपल्या सीमेवर येऊं. १९४७ आणि १९४८ ह्या वर्षीं रझाकारांच्या जुलमामुळें निजामी मुलखांतील, आणि आमच्या धाराशिव जिल्ह्यांतीलही, पुष्कळ कुटुंबें सीमा ओलांडून बार्शीस, सोलापुरास आश्रयास गेलीं. ज्या बाजूस कालपर्यंत परका मुलूख म्हणत होते तेथेंच त्यांना छप्पर मिळालें. सप्टेंबर १९४८ मधील पोलीस कारवाईनंतर उलट ह्याच जिल्ह्यांतील मुसलमान कुटुंबांवर भयंकर आपत्ति कोसळली. त्या घटनांची चौकशी करणाऱ्या सुंदरलाल समितीनें अत्याचारांबरोबरच हिंदु शेजाऱ्यांनीं जीव धोक्यांत घालून मुसलमानांना वांचविल्याचीं उदाहरणेंही नोंदविलीं आहेत. त्या वांचविणाऱ्यांनीं, दारांत आलेल्या माणसाचा धर्म कोणता हें विचारून मग दार उघडलें, असें झालें नसेल. अशा घटकेस विचारावयाला वेळ नसतो. माणूस दार उघडतो किंवा लावून घेतो, एवढेंच.

ते नाकें आज उरलें नाहीं; हाली शिक्का आतां जुन्या पेटींत सांपडला तर सांपडतो. राज्यांच्या सीमा अशा येतात आणि जातात. पण परगांवांतून आलेलें बिऱ्हाड, वेगळी बोली बोलणारा मजूर, शिकावयास आलेली एकटी मुलगी हीं आपल्या आळींत आजही येत असतात. आपण त्यांना काय देतों ह्याहून, तें देतांना त्यांच्याकडून काय मागून घेतों, हें अधिक महत्त्वाचें आहे. दंतवैद्याच्या बैठकींत मासिक चाळणाऱ्या त्या बाईनें कांहींही मागितलें नाहीं, आणि म्हणूनच एका मराठी मुलीनें तिला, आपल्या भाषेंत देण्यासारखें होतें त्यांतलें एक अत्यंत मोलाचें नांव दिलें. तिनें तिला मावशी म्हटलें.